साडेअकराचा भोंगा

हातोडीचा पहिला ठोका मी टाकीच्या माथ्यावर मारला. आवाज खणखणीत आला आणि बराच वेळ रेंगाळला. मग वीतवीत खाली येत ठोके मारत गेले. कमरेपर्यंत टाकी तशीच वाजत होती. गुडघ्याच्या खाली मात्र तिचा आवाज बसला, लाकडी फळीवर मारावं तसा.

"दादा, ऐकलंस?"

मल्लिनाथदादा पलीकडे उकिडवा बसून नटांना तेल देत होता. "ऐकलं की. म्हातारी झाली ती. तुमच्या वयाची हाय व्हय, मॅडम?"

"तळाचा पत्रा पातळ झालाय. वाफेचं पाणी तळाशी साचून राहायचं. तिथूनच गंजानं खाल्लंय."

"पातळ म्हंजे किती?"

"ते माहीत नाही."

"मग माहीत नसताना घाबरायचं कशाला?"

"माहीत नाही म्हणूनच."

तो हसला. तो आमच्या विभागातला तंत्रज्ञ होता. मला तिथे मॅडम म्हणायचा आणि घरीही चिडवण्यासाठी मॅडमच म्हणायचा. मी त्यांच्याच घरात पुढची खोली भाड्याने घेऊन राहत होते.

तेव्हा मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून त्या विद्यापीठात प्रकल्प सहायक म्हणून लागले होते. विद्यापीठ तसं नवं होतं. शहरातली सगळ्यांत मोठी कापडगिरणी बंद पडल्यावर तिच्या जागेवर ते उभं राहिलं. मागाच्या खात्याचं ग्रंथालय झालं. त्याच्या करवतीसारख्या छपराच्या काचांतून येणारा उजेड वाचायला फार चांगला होता. सूतगोदामात परीक्षा विभाग बसला. चिमणी तशीच ठेवली आणि तिचं चित्र विद्यापीठाच्या बोधचिन्हात घेतलं. हमरस्त्याच्या बाजूला नवं, कमानीचं प्रवेशद्वार बांधलं. गिरणीचं जुनं लोखंडी फाटक मागच्या बाजूला होतं. ते चाळींकडे उघडायचं आणि त्याला कायम कुलूप असायचं. चाळीतली माणसं अजून विद्यापीठाला 'गिरण'च म्हणत. दादा सकाळी डबा घेऊन निघाला की शेजारची एखादी विचारायची, "गिरणीत निघालास?" तो म्हणायचा, "व्हय."

त्या वर्षी वर्धापनदिनाला गिरणीचा भोंगा पुन्हा वाजवायचा, अशी कल्पना कुलगुरूंना सुचली. प्रमुख पाहुणे साडेअकरा वाजता बटण दाबणार आणि इतकी वर्षं मुका असलेला भोंगा शहराला ऐकू जाणार. काम आमच्या विभागाकडे आलं. विभागप्रमुख रायरीकर सरांना अशा गोष्टींचा फार शौक होता. जुनी होकायंत्रं, बंद पडलेले रेडिओ, कुणी काहीही आणून दिलं तरी सर दुपारचं जेवण विसरून त्यात बसत. भोंगा म्हणजे दुधाच्या कॅनएवढी एक पितळी घंटा होती. सरांनी ती स्वतः चिंचेच्या कोळाने घासून लखलखीत केली होती.

वाफ नव्हती, म्हणून हवेवर वाजवायचं ठरलं. भाड्याने कॉम्प्रेसर आणला. पण भोंगा एका दमात जेवढी हवा पितो तेवढी कॉम्प्रेसर एकदम देऊ शकत नाही. ती आधी कुठेतरी भरून ठेवावी लागते. बॉयलरखान्यात वाफेची जुनी टाकी होतीच. सर म्हणाले, "भोंगाही तोच, टाकीही तीच. याहून काय पाहिजे?"

माझं म्हणणं एवढंच होतं की आधी टाकीत काठोकाठ पाणी भरून दाब देऊन बघू. पाणी दाबलं जात नाही. पत्रा कच्चा असला तर चीर पडते, पाणी गळतं, आपले पाय भिजतात आणि विषय संपतो. हवा तशी नसते. ती दाबलेल्या स्प्रिंगसारखी आत बसून राहते आणि पत्रा फाटला की सगळीच्या सगळी एका क्षणात बाहेर येते.

आणि ती बाहेर येईल तेव्हा शेजारी दादा असणार होता. पाहुण्यांच्या बटणाने बॉयलरखान्यात नुसती एक घंटी वाजायची होती. भोंग्याची साखळी टाकीला लागूनच लोंबत होती आणि ती हातानेच ओढावी लागायची.

"तू नको ओढूस," मी त्या दिवशी हातोडी खाली ठेवत म्हणाले.

"माझा बाप हीच साखळी ओढायचा. मी नको तर कोण ओढणार, कुलसचिव?"

त्याचे वडील याच बॉयलरवर होते, एवढं मला ठाऊक होतं. ते गिरणीतच वारले, हेही. त्यापुढे त्या घरात कुणी बोलत नसे.

"आणि एक," उठता उठता तो म्हणाला, "अव्वाला यातलं काही बोलू नका."

"का?"

"सांगितलं तर ती मला जाऊच द्यायची नाही."

अव्वा म्हणजे त्याची आई, नीलव्वा. घरात दोघं कानडी बोलत. माझ्याशी ती मोजकं मराठी बोलायची, तेही बहुतेक जेवणाबद्दल. भाकरी अजून एक घे, भाजी का टाकलीस, एवढंच. त्या घरात मला कशालाही मज्जाव नव्हता. फक्त एकदा एक गोष्ट घडली होती. मला ताप भरला होता. भर दुपारी हुडहुडी सुटली म्हणून मी पांघरायला काही शोधत बाहेर आले. दाराशेजारी खुंटीवर प्लास्टिकच्या पिशवीत एक चादर टांगलेली असायची. जाड, पांढरी, निळ्या काठाची, घडी न मोडलेली. मी ती काढली. अव्वा चुलीपाशी होती. ती कधी उठली ते कळलंच नाही. तिने माझ्या हातातून चादर घेतली, नीट पिशवीत घातली आणि परत खुंटीला लावली. मग स्वतःच्या अंथरुणातली वाकळ आणून मला गुंडाळली.

"ती नाही, पोरी," ती म्हणाली. "ती तुझी नव्हे."

मला वाटलं, लेकाच्या लग्नासाठी जपून ठेवली असेल. दादाचं लग्न जमत नव्हतं.

कार्यक्रमाच्या आठवड्यात मी कोपऱ्यावरच्या अंबादासकाकांच्या दुकानात रिचार्ज करायला गेले होते. त्यांच्या तीन पिढ्या मागावर गेल्या होत्या. आता त्यांचं किराणा दुकान होतं आणि मालवाहू टेम्पो. ते म्हणाले, "पेपरात आलंय म्हणे, भोंगा वाजणार."

"हो. रविवारी."

"किती वाजता?"

"साडेअकराला."

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. "साडेअकराला कशाला?"

"पाहुणे तेव्हा येणार आहेत."

"सातला वाजवा की. नाहीतर तीनला. पाळी सुटायच्या वक्ताला." मग माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "बरं. साडेअकराला ना? नक्की? मी सांगून ठेवतो घरोघर. आपल्या बायका पेपर वाचत नाहीत."

मला ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटलं. तरी मी सरांच्या कानावर घातलं. सर हसले. "प्रमुख पाहुणे आणि सकाळी सातला? केतकी, ते अकराला उठले तरी आपलं नशीब."

पाण्याच्या चाचणीचं मी तेव्हाच पुन्हा काढलं. सरांनी ऐकून घेतलं. ते नेहमीच ऐकून घेत, हे खरं. म्हणाले, पाणी भरलं तर नळ्यांत उतरेल, भोंगा गुळण्या करेल, सगळं सुकायला आठवडा जाईल, आणि रविवार तर उंबऱ्यावर आलाय. टाकी पूर्वी शंभरावर चालायची. आपण साठ पौंडावर थांबू. काटा नवा बसवलाय, सुरक्षा झडप नवी बसवलीय.

"झडप शंभरला उघडते, सर. मला ती साठला लावून हवी आहे."

"तुझ्या वयात मलाही सगळं फुटेल असं वाटायचं." मग माझा चेहरा बघून ते मऊ झाले. "असं कर, मी स्वतः त्याच्या शेजारी उभा राहतो. मग तर झालं?"

ते ऐकून मला अजिबात बरं वाटलं नाही.

रविवारी सकाळी ऊन लवकर तापलं. ग्रंथालयासमोर मांडव होता, सनईची रेकॉर्ड चालू होती. बॉयलरखाना मागे, चिमणीच्या पायथ्याशी होता, आणि तिथून जुनं फाटक हाकेच्या अंतरावर. टाकीला आदल्या दिवशी चंदेरी रंग दिला होता. त्यामुळे ती नवी दिसत होती आणि मला जास्तच नकोशी वाटत होती. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सर लिननच्या जाकिटात होते. मी दारापाशी मोबाइलवर आवाजाची वारंवारता मोजायचं अॅप उघडून उभी होते. घंटेच्या उंचीवरून मी एक आकडा काढून ठेवला होता आणि तो बरोबर येतो का याचं मला कुतूहल होतं. टाकीची भीती आणि हे कुतूहल दोन्ही एकाच वेळी मनात होतं.

दहा वाजून गेले असतील. कुलगुरू पाहणीला आले. त्यांच्यामागे कुलसचिव आणि फोटोवाला.

"वाजतो ना नक्की?" कुलगुरूंनी विचारलं. "पाहुण्यांसमोर फजिती नको."

सरांनी दादाकडे पाहिलं. "एकदा वाजवून दाखव रे."

दादाचा हात साखळीकडे गेला नाही. "सर, साडेअकरालाच वाजवू की."

"का? भरलीय ना साठपर्यंत?"

"भरलीय. पण आत्ता..." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता वेळ नव्हे ती."

"निदान आधी लाउडस्पीकरवर सांगू या," मी म्हणाले.

"अगं, भोंगा आहे तो, बॉम्ब नाही," सर म्हणाले. फोटोवाला हसला. कुलगुरूंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. त्यांच्यासमोर एका तंत्रज्ञाने किती वेळ नाही म्हणायचं, यालाही मर्यादा होती. दादाने तळहात पँटला पुसला, साखळी धरली आणि ओढली.

आधी नुसती धूळ उडाली. मग एक घोगरा खाकरा आला. आणि मग आवाज उघडला. तो कानांनी ऐकू येण्याआधी छातीत लागला. चिमणीवरचे सगळे पारवे एकदम उठले. दादाने डोळे मिटले होते. साखळी सोडल्यावरही आवाज चाळींच्या बाजूला जात राहिल्यासारखा वाटला. मग तिकडचं सगळं गप्प झालं. नळावरची भांडी, रेडिओ, कुणाचं तरी मूल. तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी मोबाइलवरचा आकडा बघत होते. तो मी काढलेल्याच्या जवळपास होता.

कुलगुरू म्हणाले, "एवढाच? मी शाळेत होतो तेव्हा पार स्टेशनापलीकडे ऐकू जायचा."

"पाहुणे आले की पूर्ण दाबाने वाजवू, सर," रायरीकर सर म्हणाले.

मंडळी गेली. सरांनी कॉम्प्रेसर पुन्हा सुरू केला. "मल्लिनाथ, या वेळी नव्वदपर्यंत जाऊ दे."

"साठ ठरलं होतं, सर," मी म्हणाले.

"साठावर टाकी कुरकुरली का? नाही ना? मग पुरावा कशाला म्हणतात, केतकी?"

"एकदा टिकली म्हणजे दुसऱ्यांदा टिकेल असं नाही. दाब चढला, उतरला, परत चढला, की कच्चा पत्रा तिथेच थकतो."

सर उत्तर देणार होते. एवढ्यात जुन्या फाटकावरचा सुरक्षारक्षक धावत आला. त्याला धाप लागली होती. तो सरांशी न बोलता थेट दादाशी बोलला.

"फाटकावर बायका आल्यात. तुझी आई म्होरं हाय. लवकर चल."

दादाचा चेहरा उतरला. सर म्हणाले, "जा, जा, समजूत घालून ये. इथं मी बघतो." मग माझ्याकडे वळून, "तूही जा. तुझं ऐकतात त्या."

आम्ही निघालो. मागे कॉम्प्रेसर धडधडत होता.

लांबून मला वाटलं की बायका धुणं घेऊन आल्यात. फाटकाच्या गजांपलीकडे चाळीतल्या वीस-पंचवीस जणी उभ्या होत्या. बहुतेक म्हाताऱ्या, काही मधल्या वयाच्या, मागे थोडे पुरुष. प्रत्येकीच्या दोन्ही हातांवर एकेक घडी केलेली चादर होती. कुणी रडत नव्हतं, ओरडत नव्हतं. भर उन्हात एवढी माणसं आणि आवाज काहीच नाही. सगळ्यांत पुढे अव्वा होती. तिच्या हातांवर पांढरी, निळ्या काठाची चादर होती. पिशवीतून काढलेली.

दादा चालता चालता थांबला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"पाळीचा भोंगा सकाळी सातला, दुपारी तीनला, रात्री अकराला," तो फाटकाकडेच बघत म्हणाला. "मधे वाजला की आत काहीतरी झालं. पट्ट्यात कुणी सापडलं, कुणी वरून पडलं, काहीही. गिरणीत स्ट्रेचर नव्हतं. मग ज्याच्या त्याच्या घरनं चादर घेऊन यायचं. चार जणांनी चार टोकं धरली की माणूस बाहेर नेता येतो. बापानं माझ्या लै वेळा ओढला अवेळचा भोंगा, दुसऱ्यांसाठी. मग एकदा त्याच्यासाठी दुसऱ्यानं ओढला."

"पण गिरण बंद होऊन किती वर्षं झाली. आणि ही चादर तर नवी आहे."

"ती माझी हाय," दादा म्हणाला. "अव्वा म्हणती, भिंत तीच हाय."

आम्ही गजांपाशी पोचलो. बायकांनी काय झालं असं विचारलं नाही. एकीने फक्त एक शब्द विचारला आणि तोच मागच्या दोघीतिघींनी उचलला.

"कोण?"

"कुणी नाही," मी म्हणाले. "चाचणी होती. कार्यक्रमासाठी."

अव्वाने गजातून हात घालून दादाचा चेहरा चाचपला. कपाळ, कान, मग दोन्ही हात. बोटं एकेक.

"साडेअकराचा मला ठाऊक होता," ती त्याला म्हणाली. माझ्यासाठी असेल, पण मराठीत म्हणाली. "अंबादासनं सांगितलं, कार्यक्रमाचा हाय, घाबरू नका. साखळीला तूच असणार, तेबी कळलं मला. मी मनाला सांगून बसले होते. हा कुठला मग?"

"ट्रायल होती, अव्वा."

"ट्रायल." तिने तो शब्द उच्चारून पाहिला. "तू हायस."

"हाय की. दिसतोय ना?"

"मग कोण?"

"कुणीच नाही. कुणाला काही झालेलं नाही."

"अवेळी वाजला म्हंजे कुणाला तरी झालेलं असतंय."

तिला समजावायचा मी प्रयत्न केला. या वेळी भोंगा आधी वाजलाय, कारण नसताना वाजलाय, असं काहीतरी मी बोलले. ती माझ्याकडे एखादं लेकरू बडबडतंय तसं बघत राहिली. मागची एक बाई दादाला म्हणाली, माझ्या सुनेला दाखव. ती उपाहारगृहात भांड्यांना होती. मग दुसरी म्हणाली, माझा नाथा माळीकामाला आहे. पद्धत तीच होती. माणसाने फाटकावर येऊन तोंड दाखवायचं, मगच घरच्यांनी मागे फिरायचं.

रक्षकाने आत निरोप धाडले. एकेक जण येऊ लागला. भांडेवाली ओल्या हातांनी आली. नाथा माळी खुरपं घेऊन आला आणि लाजून म्हणाला, "आये, जा की घरला. साहेब लोक बघालेत." परीक्षा विभागाचा एक कारकून गळ्यात कार्यक्रमाचा बिल्ला घालून आला. त्याच्या आजीने त्याला आधी ओळखलंच नाही आणि बायका पहिल्यांदा जरा हसल्या. तोंड दिसलं की बाई चादर काखेत मारायची आणि वळायची. गर्दी पातळ होत गेली. अव्वा मात्र हलली नाही.

"अव्वा, मी तर आलो ना? आता जा," दादा म्हणाला.

"सगळे दिसल्याबिगर फाटक सोडायचं नसतंय. तिकडं आत कोण हाय?"

"सर आहेत," मी म्हणाले. "रायरीकर सर. ते ठीक आहेत, आत्ताच भेटून आलो आम्ही."

"त्यांच्या घरचं हाय कुणी इथं?"

"नाही."

"मग मी थांबते. बोलाव त्यांना."

खरं तर मी हसत वळले. सरांना सांगायचं, तुम्हालाही तोंड दाखवायला बोलावलंय, असं मनात होतं. त्यांना ते आवडलंही असतं. वळले तेव्हा कॉम्प्रेसरचा आवाज कानावर आला. तो सारखा चालूच होता, पण आता सूर बदलला होता. दाब वाढला की मोटर जड होते, आवाज खाली उतरतो. साठाच्या वेळचा आवाज मला माहीत होता. हा त्याच्याही खालचा होता.

"दादा," मी म्हणाले, "मशीन अजून बंद नाही केलं सरांनी."

दादाने मान वळवून ऐकलं. आम्ही दोघं एकदमच धावायला लागलो. मी सरांना हाक मारली. ते बॉयलरखान्याच्या दारात आले. लिननचं जाकीट, कपाळावर सरकवलेला चष्मा. त्यांनी हात वर करून 'आलो, एक मिनिट' अशी खूण केली आणि पुन्हा आत गेले.

तो आवाज भोंग्यासारखा नव्हता. जमिनीतून आला. बॉयलरखान्याच्या छपराचा पत्रा एका बाजूने उचलला गेला, उन्हात चमकला आणि सावकाश खाली आला. मग लाल धूळ. त्या धुळीत कॉम्प्रेसर अजून धडधडतच होता.

पारवे पुन्हा उडाले.

आत गेलो तेव्हा टाकी जागेवर नव्हती. ती समोरच्या भिंतीला जाऊन आडवी पडली होती. तळाला, जिथे हातोडीचा आवाज बसला होता, तिथे कागद फाडावा तशी फाटली होती. साखळी वाऱ्याने हलत होती. सर भिंतीजवळ पडले होते. कमरेखाली काय झालं होतं ते मी नीट पाहिलं नाही. चेहरा स्वच्छ होता. डोळे उघडे होते.

दादा उलटा फाटकाकडे धावला. मी तिथे गुडघ्यांवर बसले. सरांनी मला ओळखलं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. मी कान जवळ नेला.

"किती होता काटा?" त्यांनी विचारलं.

काटा कुठेच नव्हता. "ऐंशी, सर," मी म्हणाले. तो आकडा माझ्या तोंडून का आला ते मला आजही सांगता येणार नाही.

दादा परत आला तो चादर घेऊन. अव्वाने ती स्वतःच गजांतून आत दिली होती. नंतर रक्षकाने सांगितलं, की आवाज झाला तेव्हा बाकीच्या बायका मागे सरकल्या, अव्वा पुढे आली. घडी मोडून दोन टोकं आधी गजातून आत सारली आणि एवढंच म्हणाली, "घे. जा."

आम्ही चौघांनी चार टोकं धरली. दादा, नाथा माळी, रक्षक आणि मी. कशी धरायची, गाठ कशी मारायची, आधी कुणी उचलायचं, ते दादा सांगत गेला. जुन्या फाटकाचं कुलूप रक्षकाने आधीच काढलं होतं. बाहेर अंबादासकाकांचा टेम्पो मागचा फाळका पाडून उभा होता. वाटेत दोन्ही बाजूंना बायका उभ्या होत्या. आम्ही जवळ आलो तसा त्यांनी पदर डोक्यावर घेतला. मागे मांडवात अजून सनई वाजत होती. ती बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं.

दवाखाना लांब नव्हता. सर तिथे पोचण्याआधीच गेले. चादर तिथेच राहिली.

पाहुणे त्या दिवशी बाराच्या सुमारास हमरस्त्याच्या बाजूने आले आणि कमानीतूनच परत गेले. पुढे समिती नेमली गेली. तिने माझी दोनदा साक्ष घेतली. ठपका भाड्याच्या कॉम्प्रेसरवर ठेवला गेला. भोंगा कुठे गेला ते मला माहीत नाही. चिमणी अजून बोधचिन्हात आहे. मी पुढच्या महिन्यात ते शहर सोडलं. आता मी दुसऱ्या एका संस्थेत दाबाखालच्या भांड्यांच्या चाचण्याच करते. पाण्याने.

निघायच्या सकाळी माझी बॅग दारात होती. दादा कामावर निघाला होता. त्याने डबा घेतला आणि सवयीने मान जरा वाकवून खुंटीखालून बाहेर पडला. शेजारणीने त्याला विचारलं, गिरणीत निघालास? तो म्हणाला, व्हय.

खुंटीवर प्लास्टिकची पिशवी होती. आत कोरी चादर, घडी न मोडलेली. मी तिच्याकडे बघतेय हे अव्वाच्या ध्यानात आलं. तिने माझ्या डब्यात आणखी एक भाकरी सारली आणि झाकण लावलं.

"निळ्या काठाची मिळाली नाही," ती म्हणाली. "हिरवी घेतली."